भिंतछिद्रमीमांसा

भिंतीला भोक पाडणं हा आपल्याकडे एके काळी शास्त्राचा विषय होता, हे आजच्या ड्रिलधारकांच्या गावीही नसतं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घरात चोरी करायला येतो, तेव्हा तो पहार घेऊन भिंतीवर तुटून पडत नाही. आधी भिंत चाचपतो. पाणी मुरून ती कुठे पोकळ झाली आहे, क्षाराने विटा कुठे खाल्ल्या आहेत, उंदरांनी माती कुठे उकरली आहे, ते बघतो. मग भोक कमळाच्या आकाराचं करावं, चंद्रकोरीचं, स्वस्तिकाचं की पूर्णकुंभाचं, यावर चिंतन करतो. मापाची दोरी घरी विसरली म्हणून जानव्याने माप घेतो, आणि सापाने बोटाला दंश केला तेव्हा तेच जानवं बोटावर आवळतो. एवढा विचार, आणि माणूस चोर! आपण मात्र स्वतःच्या घराच्या भिंतीला, रीतसर मालकीहक्काने, आजोबांच्या तसबिरीसाठी भोक पाडतो ते 'बघू, जातंय का' एवढ्या तत्त्वज्ञानावर.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत निबंध. विषय मर्यादित आहे: बॅटरीवर चालणारं, वायर नसलेलं, फिरता फिरता ठोके देणारं ड्रिल मशीन आणि ते चालवणाऱ्याचं कुशल मंगल. प्रतिपाद्य सिद्धान्तही एकच, आणि तो सुरुवातीलाच मांडतो. याला आम्ही तारेच्या अक्षय्यतेचा सिद्धान्त म्हणतो: तार कधी नष्ट होत नाही, एका जागेवरून दिसेनाशी झाली की ती दुसऱ्या जागी असतेच.

पुराव्यासाठी थोडा इतिहास. १८८९ साली मेलबर्नमध्ये आर्थर अर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. १८९५ मध्ये श्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात ते हातात धरण्याजोगं झालं. १९१७ साली ब्लॅक आणि डेकर या जोडीला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचं अमेरिकी पेटंट मिळालं, आणि त्या दिवसापासून ड्रिल हाती आलं की गृहस्थाची उभं राहण्याची ढब बदलते, ती आजतागायत. (ड्रिल हाती घेऊन, बिट नसताना, हवेत दोनदा घोडा दाबून पाहिला नाही असा पुरुष अद्याप नोंदवला गेलेला नाही.) पुढे १९६१ मध्ये त्याच कंपनीने बॅटरीवरचं ड्रिल बाजारात आणलं. तार गेली, असं सगळ्यांना वाटलं.

आता चंद्रावर जाऊ. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या जमिनीत भोकं पाडली. चंद्राच्या पोटातून उष्णता किती बाहेर येते हे मोजण्यासाठी भोकात तापमापकं सोडायची होती. त्यांच्या हातातलं यंत्र चांदी-जस्ताच्या बॅटरीवर चालणारं आणि फिरता फिरता ठोके देणारं होतं; म्हणजे व्याख्येप्रमाणे बिनतारी हॅमर ड्रिलच. भोक ठरल्या खोलीपर्यंत गेलं नाही, आणि यात ज्यांनी कधी आरसीसी बीममध्ये पडद्याचा ब्रॅकेट लावून पाहिला आहे त्यांना नवल वाटणार नाही. खरा बोध मात्र पुढच्या वर्षी मिळाला. एप्रिल १९७२, अपोलो १६. चार्ल्स ड्यूक यांनी भोक व्यवस्थित पाडलं. ड्रिलला वायर नव्हती, पण भोकात सोडायच्या उपकरणाला होती. जॉन यंग यांचा बूट तिच्यात अडकला, वायर जोडातून निघाली आणि तो प्रयोग तिथेच आटोपला. पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरवर, जिथे ना भिंत ना प्लग ना शेजारी, तिथेसुद्धा तारेने आपली जागा शोधून काढली. सिद्धान्ताला याहून निर्जन पुरावा कुठला हवा?

घरगुती पातळीवर या सिद्धान्ताचा अर्थ असा की ड्रिलच्या शेपटीतून गेलेली तार भिंतीच्या पोटात आहे. तिच्यात २३० व्होल्ट आहेत. आणि पूर्वीपेक्षा ती जास्त धोकादायक आहे, कारण वायरवालं ड्रिल वापरताना माणसाला वेळ मिळत असे. एक्स्टेन्शन बोर्ड माळ्यावरून काढायचा, त्याला थ्री-पिन सापडायची नाही, मग वायर दोन फूट कमी पडायची, टेबल सरकवायचं. या सगळ्या खटाटोपात घरातलं कुणी तरी स्वयंपाकघरातून विचारायचं, "अहो, तिथेच पाडताय? त्याच्या खालीच बटणं आहेत ना?" हा प्रश्न हेच जुन्या ड्रिलचं सर्वांत भरवशाचं सुरक्षा-उपकरण होतं. बिनतारी यंत्राने इच्छा आणि भोक यांच्यातलं अंतर एका बोटावर आणलं, आणि प्रश्न विचारायला कुणाला सवडच उरली नाही. सुरक्षिततेचे जेवढे म्हणून नियम पुढे येतात, ते मुळात हरवलेली ती सवड परत मिळवण्याचे उपाय आहेत.

तर भिंतीत तार कुठे आहे हे कळायचं कसं? इथे न्यायशास्त्राला शरण गेल्याशिवाय गत्यंतर नाही. नैयायिक ज्ञानाची चार साधनं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतो. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं. त्यामुळे चार्वाकमतवाद्याने कन्सील्ड वायरिंग असलेल्या फ्लॅटमध्ये ड्रिल हाती घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. त्याला प्रत्यक्ष प्रमाण मिळेल, पण एकदाच.

अनुमान अधिक उपयोगी. स्विचबोर्ड दिसतोय, तर त्यातून निघालेली वायर साधारणपणे सरळ वर किंवा सरळ खाली जात असणार. म्हणून बोर्डाच्या उभ्या रेषेत, वर छतापर्यंत आणि खाली जमिनीपर्यंत, हात लावायचा नाही. नळ दिसतोय, गिझरचा पॉइंट दिसतोय, तर पाइपाचीही तीच रीत. शास्त्रात अनुमानाचं घोटलेलं उदाहरण म्हणजे डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार. भिंतीतून धूर दिसला की तिथे वायर होती, हे अनुमानही तर्काला धरूनच आहे, फक्त त्याला उशीर झालेला असतो. आणखी एक धोका: ही उभी-आडवी शिस्त नवीन इमारतींत बरीचशी पाळलेली असते, जुन्या घरात, जिथे तीन पिढ्यांत तीन वायरमन येऊन गेले, तिथे वायर तिरकीसुद्धा जाते, कारण तिसऱ्या वायरमनला घरी जायची घाई होती. तिथे 'जिथे बोर्ड, तिथे सरळ वायर' ही व्याप्ती कोसळते.

उपमान म्हणजे 'खालच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांकडे जसं आहे तसंच आपल्याकडे असणार'. हे प्रमाण मोहक आहे, पण कुलकर्ण्यांनी स्वयंपाकघर हलवलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. उरला शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. बिल्डिंगचं वायरिंग केलेला वायरमन सापडला आणि त्याने भिंतीवर हात फिरवून "काका, इथे बिनधास्त पाडा, लाईन त्या कोपऱ्यातून गेलीये" असं सांगितलं, तर ते वेदवाक्य नसलं तरी त्याच्या जवळपास जातं. वायर शोधणारं टूं-टूं करणारं यंत्र हाही शब्दच, नुसता अर्थ लावायला कठीण. प्लास्टरमधली जाळी, लोखंडी सळई आणि वायर या तिघांनाही ते एकाच सुरात ओळख देतं. या सर्वांवर मात करणारं प्रमाण म्हणजे प्लास्टर होण्याआधी काढून ठेवलेला भिंतीचा फोटो. ज्यांच्याकडे तो असतो, ते बहुधा भाड्याने राहायला गेलेले असतात.

आता बिनतारी यंत्राच्या बाजूने एक जोरदार युक्तिवाद करायला हवा, नाही तर निबंध एकांगी होईल. वायरवालं ड्रिल चालवायचं तर घरात वीज चालू ठेवावी लागते. बॅटरीचं ड्रिल मात्र मेन स्विच पाडूनही चालतं. भिंतीतली तार निष्प्राण करून मग भिंतीला भोक पाडायचं, ही सोय मानवाला पहिल्यांदाच लाभली आहे आणि तिचा उपयोग कुणीही करत नाही, कारण मेन बंद केला की पंखा बंद होतो. ज्यांना हे पटेल त्यांना आमचा एक पूर्वपक्ष: इन्व्हर्टर. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या लाइनीत वीज असते. तो वेगळा बंद करावा लागतो, आणि बंद झाला की नाही हे त्या भिंतीवरचाच दिवा लावून बघावं लागतं. शिवाय एवढं करूनही ड्रिल धरायचं ते प्लास्टिकच्या मुठीलाच, पुढच्या धातूच्या चकला नाही. चक आणि बिट हे विजेच्या दृष्टीने एकच दोन इंची वायर आहेत, हा सिद्धान्ताचा पोटनियम.

शर्विलकाकडे परत यायला हवं, कारण त्याने भिंतींचं एक वर्गीकरण सांगितलं आहे आणि ड्रिलच्या कॉलरवर छापलेल्या चित्रांचा अर्थ त्यातूनच लागतो. भाजलेल्या विटा असतील तर ओढून काढाव्यात, कच्च्या असतील तर कापाव्यात, मातीच्या गोळ्यांची भिंत असेल तर पाणी घालून भिजवावी, लाकडाची असेल तर फोडावी. म्हणजे भिंत बदलली की कृती बदलते. आपल्या ड्रिलच्या कॉलरवर स्क्रूचं, बिटाचं आणि हातोडीचं अशी तीन चिन्हं असतात, आणि नव्वद टक्के घरांत कॉलर हातोडीवर कायमची अडकलेली असते, असं आम्ही मोजल्याशिवायच म्हणतो. हातोडी फक्त वीट, दगड आणि काँक्रीटसाठी. लाकडात हातोडी लावली तर भोक फाटतं, लोखंडात लावली तर बिटाची धार जाते, आणि बाथरूमच्या टाइलवर लावली तर एका टाइलच्या दोन होतात. टाइलवर चिकटपट्टीची फुली मारायची, हातोडी बंद, वेग कमी. टाइल पार झाली आणि मागची वीट लागली की मग हातोडी. सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकमध्ये हातोडी लावणं हा तर निव्वळ अहंकार. तिथे साधं फिरवलं तरी भोक पडतं, हातोडीने ते सैल होतं आणि प्लग फिरत बसतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्याच्या भिंतीचंही साधारण असंच. वर ताठ, आत भुसभुशीत. लांब प्लग आणि सबुरी, दोन्ही लागतात.

यंत्राच्या पोटात काय चालतं, हेही जाणकाराने माहीत करून घ्यावं. दात्यांच्या दोन चकत्या असतात, एक स्थिर आणि दुसरी तिच्यावर घासत फिरणारी. दाता दात्यावर चढतो आणि खाली पडतो, तोच ठोका. चकतीला १५ दाते आणि मिनिटाला १५०० फेरे असतील तर ठोके २२,५०० होतात. आकडा भव्य आहे, ठोका मात्र किरकोळ. चकत्या एकमेकींवर याव्यात म्हणून थोडा रेटा लागतो. पण सगळं अंग टाकून रेटलं तर भोक लवकर पडत नाही, फक्त बिट तापतं, मोटर रडते आणि रेटणारा पुढच्या क्षणी भिंतीला नाक लावतो. बिट जर एका जागी आवाज बदलून गुरगुरू लागलं आणि पुढे जाईना, तर ती सळई समजावी. सळईशी वाद घालू नये. दोन इंच बाजूला सरकावं. तसबीर थोडी डावीकडे लागली म्हणून आजोबा रागावल्याचं उदाहरण नाही.

सळईचा आणखी एक धोका आहे आणि तो या विषयातला सर्वांत दुर्लक्षित आहे. बिट अचानक अडकलं की मोटर थांबत नाही. बिट फिरेना म्हणून मग ड्रिलच फिरायला बघतं आणि त्याला लागलेलं मनगटही. अठरा व्होल्टचं आजचं ड्रिल या बाबतीत कुठल्याही गृहस्थाच्या मनगटाहून बलवान असतं. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत पाठ केला तो याच प्रसंगासाठी होता, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. डब्यात एक आडवी मूठ येते, ती लावण्यासाठी येते. बहुतेक घरांत ती 'नंतर लावू' म्हणून डब्यातच राहते आणि डबा माळ्यावर. दोन्ही हातांनी, पाय फाकवून, पक्क्या शिडीवर उभं राहून काम करायचं. पलंगावर खुर्ची आणि खुर्चीवर स्टूल हा मनोरा शास्त्राला मान्य नाही.

इथे तारेचा सिद्धान्त पुन्हा समोर येतो. शर्विलकाचं जानवं होतं. आपल्या मनगटाला देवदर्शनाचा लाल दोरा असतो, राखी असते, गळ्यात चेन असते, ओढणीचं किंवा पदराचं टोक असतं, कानातून हेडफोनची वायर लोंबत असते. फिरणाऱ्या चकला यातलं काहीही चालतं. ते भेदभाव करत नाही. बारीक बिटाने काम करताना सैल हातमोजेही त्याच यादीत. बिट बदलताना बॅटरी काढावी, निदान उलट-सुलट फिरवायचं बटण मधोमध अडकवून ठेवावं. चक हाताने घट्ट धरून घोडा दाबायचा आणि 'असंच आवळतात' म्हणून दाखवायचं, ही कला काही घरांत वडिलांकडून मुलाकडे येते. तळहाताच्या कातडीला ती परवडत नाही. भोक पडल्यावर बिटाला बोट लावून ते तापलंय का हे पाहणं ही त्याच परंपरेची दुसरी शाखा. तापलेलंच असतं.

धुळीच्या बाबतीत ग्रंथकार मौन बाळगतात, कारण ती झाडायची कुणी हा प्रश्न घरोघरी अनिर्णित आहे. वाळू, दगड आणि काँक्रीट यांच्या धुळीत सिलिका असते, आणि तिच्या स्फटिकी सूक्ष्म कणांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. रविवारी एक भोक पाडणाऱ्याने यावरून मृत्युपत्र करायला घेऊ नये. पण दिवसभर भोकंच पाडणाऱ्या कारागिराच्या नाकाला रुमाल पुरत नाही, त्याला एन-९५ मास्क लागतो, आणि तो आपण आपल्या पैशाने आणून द्यावा. चष्मा मात्र एका भोकासाठीही हवाच. इथे एक निरीक्षण नोंदवतो: वर शिडीवर असलेला ड्रिलधारक चष्मा लावतो, आणि खाली शिडी धरून, तोंड वर करून "थोडं उजवीकडे" असं सांगणारी व्यक्ती उघड्या डोळ्यांनी उभी असते. गुरुत्वाकर्षणाचा विचार करता चष्मा आधी तिला द्यायला हवा. भोकाखाली पाकीट उघडून चिकटवलं तर दोघांचंही भलं होतं.

आवाजाचं गणित अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने करून ठेवलं आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि हॅमर ड्रिल त्या आसपास सहज जातं. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा. दुपारच्या झोपेचा त्यात उल्लेख नाही. पण कायदा गप्प असतो तिथे समोरच्या फ्लॅटमधल्या आजी बोलतात.

बॅटरीवर स्वतंत्र ग्रंथ व्हावा. तूर्त एवढंच की अठरा व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल असतात, आणि ज्या डब्यावर वीस व्होल्ट लिहिलेलं असतं त्यातही तेच पाच, फक्त पूर्ण भरलेल्या अवस्थेत मोजलेले. जास्तीचे दोन व्होल्ट दुकानदार देतो. बॅटरी आणि सुटे खिळे एकाच पिशवीत टाकू नयेत. खिळ्याला बॅटरीची दोन टोकं सापडली की तोही तारच झाला. फुगलेली, पडून तडा गेलेली बॅटरी चार्जरला लावू नये. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, त्या वेळी बंद गाडीत ठेवलेली बॅटरी आणून तशीच चार्जिंगला लावणं म्हणजे लिथियमला डिवचणं. बरेच चार्जर अशा तापल्या बॅटरीला थंड होईपर्यंत चार्ज करतच नाहीत. तेव्हा चार्जर बिघडला असं समजून त्याला टपल्या मारू नयेत.

शेवटचा मुद्दा खोलीचा, आणि तो वादग्रस्त आहे. प्लग चाळीस मिलिमीटरचा तर भोक पन्नासचं पुरतं; बिटावर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की काम झालं. हे न केल्यास काय होतं, याचा विचार दोन फ्लॅटमधल्या सामाईक भिंतीच्या संदर्भात करावा. साडेचार इंची विटेची भिंत, दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून साधारण साडेपाच. सहा इंची बिट आणि उत्साही माणूस. अशा वेळी पलीकडच्या दिवाणखान्यात, बातम्या चालू असताना, टीव्हीच्या वर दोन बोटं, भिंतीतून एक फिरतं टोक बाहेर येतं. आता या भोकाचा मालक कोण? पूर्वपक्ष म्हणतो, पाडणारा. कारण श्रम त्याचे. उत्तरपक्ष म्हणतो, अलीकडचं निम्मं याचं, पलीकडचं निम्मं शेजाऱ्याचं. तिसरं एक मत असं आहे की भिंत सामाईक, म्हणून भोक सोसायटीचं, आणि ते बुजवण्याचा खर्च देखभाल निधीतून व्हावा. हे मत भोक पाडणाऱ्याचंच होतं. सर्वसाधारण सभेत त्याला अनुमोदक मिळाला नाही.